बाळाची खोली

सातवा महिना लागला तसं आम्ही मागची छोटी खोली रिकामी करायला घेतली. सासूबाईंचं एकच म्हणणं, बाळ येईपर्यंत पाळणा घरात आणायचा नाही, मग काय, पाळणा बारशालाच, पण भिंती रंगवायला त्यांची ना नव्हती!

दीर आणि त्याच्या दोन मित्रांनी रविवारी रोलर घेऊन अख्खी खोली फिकट पिवळी करून टाकली, बदल्यात मिसळ आणि चहा. मी डबा आधी नीट वाचला, कारण आपल्याकडे २०१७ पासून घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांच्या, आत असावं असा नियम आहे, पण जुन्या भिंतीवरच्या रंगात आणि त्याच्या धुळीत किती शिसं असेल कोण जाणे? म्हणून घासायच्या दिवशी मी सरळ माहेरी.

आईने तिच्या जुन्या सुती साड्यांच्या गोधड्या शिवल्यात, एकीवर तिच्या डोहाळजेवणातली हिरवी साडी, काठाकाठाने धावदोरा, कोपऱ्यात दोरा संपला म्हणून लाल लावलेला, मला तोच कोपरा सगळ्यात आवडतो. नणंदेने सावंतवाडीहून पाळण्यावर टांगायला लाकडी चिमण्या आणल्या.

मैत्रिणीने काळी-पांढरी चित्रं काढून दिली, नव्या बाळांना वीस-तीस सेंटीमीटरपर्यंतचंच जरा नीट दिसतं म्हणे, त्यामुळे छतावरचे चमचमते तारे मी रद्दच केले. ते दिराने स्वतःच्या खोलीत लावलेत.

आता फक्त मच्छरदाणी राहिलीये, आणि पंख्याचा तो कर्रकर्र आवाज.