शिलाईतली माया

वजनकाट्यावरचा आकडा सहा महिने जागचा हलला नाही, तेव्हा कुठे मी कपाट उघडून बसायचं धाडस केलं. 96 किलोंवरून 73 वर यायला मला दीड वर्ष लागलं होतं. "आता ते जुने कपडे टाकून दे बघू," हे या दीड वर्षात किती जणांनी सांगितलं असेल! सगळे प्रेमानेच सांगत होते. पण मला ते जमत नव्हतं, आणि का जमत नाही हेही कुणाला नीट सांगता येत नव्हतं.

वजन उतरत असताना कपड्यांचा निर्णय घेऊ नये, हे मी अनुभवाने शिकले. पहिले आठ किलो कमी झाल्यावर आनंदाच्या भरात तीन नव्या पँट आणल्या आणि अडीच महिन्यांत त्याही ढगळ झाल्या. मग खरेदी बंद केली. नाडीच्या दोन पँट आणि एक पट्टा, एवढ्यावर वर्ष काढलं. पट्ट्याची पाच भोकं संपल्यावर पुढे आणखी दोन पाडून घेतली. तो पट्टा अजून माझ्याकडे आहे. जिथे जिथे बक्कल बसायचं तिथे चामड्याला वळ पडलाय, आणि सर्वांत जुनं भोक ताणून लांबट झालंय.

त्या रविवारी धाकटी बहीण मदतीला आली होती. मी एक शर्ट हातात धरून म्हटलं, "हा मला होणार नाही, लहान आहे." ती म्हणाली, "ताई, घालून तर बघ." घातला, तर खांदे खाली उतरले आणि बाह्या बोटांपर्यंत आल्या. असं त्या दिवशी तीन-चार वेळा झालं. शरीर बदललं तरी डोळ्यांना ते कळायला बराच वेळ लागतो. वजन कमी केलेल्या अनेकांना हा अनुभव येतो. मी तर दारातून जाताना अजूनही अंग चोरते. म्हणून सांगते, नजरेने कपडे वेगळे करू नका. प्रत्येक कपडा अंगात घाला, हात वर करा, खाली बसा, मग ठरवा. वेळ खूप जातो, दमायला होतं, आणि मध्येच रडूही येतं. सोबत कुणीतरी असलेलं बरं.

एका पँटच्या बाजूच्या शिवणीला लागून गडद रंगाची बोटभर पट्टी दिसली. आधी डाग वाटला. मग आठवलं, ती तर माया, शिवणीच्या आत राखून ठेवलेलं जास्तीचं कापड! वजन वाढत होतं त्या दिवसांत मी ती पँट उसवून, आतली माया सोडवून घेतली होती. बाकीचं कापड धुऊन धुऊन विटलं आणि आत दडलेली ती पट्टी नव्यासारखी राहिली. जुन्या टिपेची बारीक भोकंही तशीच होती. किती वर्षं मी स्वतःसाठी जागा करत होते, ते सगळं त्या शिवणीत दिसत होतं.

टाकण्याआधी काय काय वाचवता येईल ते बघायचं म्हणून मोठा गठ्ठा घेऊन शिंप्याकडे गेले. त्यांनी फार स्पष्ट सांगितलं आणि ते मला पटलं. पँटची कंबर मागच्या शिवणीतून दीड-दोन इंच आत घेता येते. त्याहून जास्त घेतली तर मागचे दोन्ही खिसे एकमेकांना भिडतात आणि बैठक बिघडते. शर्ट बाजूने आत घेणं सोपं. पण खांदा उतरला असेल तर बाही पूर्ण उसवून, खांदा कापून पुन्हा जोडावा लागतो, आणि एवढं करूनही तो शर्ट अंगावर नीट बसेल याची खात्री नाही. अठ्ठेचाळीस कपड्यांपैकी त्यांनी सात बाजूला काढले. बाकीच्यांबद्दल म्हणाले, "यातलं कापड चांगलंय, पण माप आता तुमचं नाही."

खरं अडलं ते इथून पुढे. वजन परत वाढलं तर? ही भीती मी कुणाजवळ बोलले की लोक म्हणायचे, "असा विचारच करायचा नाही." मला ते उत्तर कधीच पुरलं नाही, कारण ही भीती निराधार नाही. 2011 साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी वजन कमी केलेल्या लोकांची संप्रेरकं तपासली, तेव्हा वर्ष उलटून गेल्यावरही भूक वाढवणारं घ्रेलिन चढलेलंच होतं आणि चरबीचा साठा पुरेसा आहे हे मेंदूला कळवणारं लेप्टिन उतरलेलंच होतं. हे वाचलं त्या दिवशी मला फार हलकं वाटलं. शरीर मागे ओढतं, ते त्याच्या स्वभावाने. माझं मन कमकुवत आहे म्हणून नव्हे.

म्हणून मी सगळं देऊन टाकलं नाही. आत्ताच्या मापाहून एक माप मोठे असे पाच कपडे ठेवले, धुऊन, पूर्ण वाळवून. घामाचे किंवा तेलकट डाग राहिले तर ठेवणीत पिवळे पडतात, आणि लोकरीला कसर लागते ती बहुधा अशा मळक्या जागी. दोन-चार किलो वर-खाली झाले तर अंगावर घालायला काहीतरी असावं, एवढाच त्या पाचांचा उपयोग. त्याहून मोठे सगळे द्यायचे ठरवले.

ठरवलं, तरी हात सुटत नव्हता. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि अर्थशास्त्रज्ञ जॅक नेट्श व रिचर्ड थेलर यांचा कॉफीच्या मगांचा प्रयोग तेव्हा कामी आला. काही विद्यार्थ्यांना मग देऊन टाकले, काहींना दिले नाहीत. ज्यांच्या हातात मग होता त्यांनी विकायला मागितलेली किंमत, इतर जण द्यायला तयार असलेल्या किमतीच्या साधारण दुप्पट निघाली. वस्तू आपली झाली की तिचं मोल आपल्याच मनात वाढतं. मग मी प्रत्येक कपड्याला विचारायला लागले, आज तू दुकानात टांगलेला असतास तर मी तुला घेतलं असतं का? बहुतेकांचं उत्तर लगेच आलं.

एका निळ्या शर्टाचं मात्र आलं नाही. नोकरीच्या मुलाखतीला घातला होता तो. बटणं सोडवताना दुसऱ्या आणि तिसऱ्या काजाच्या मध्ये, आतल्या बाजूने, एक छोटी सेफ्टी पिन हाताला लागली. बसल्यावर तिथे फट पडायची म्हणून मी रोज ती लावत असे, बाहेरून दिसणार नाही अशी, दोनच धागे उचलून. मला त्या बाईबद्दल एवढी माया दाटून आली! लोक म्हणतात, जुने कपडे म्हणजे जुने वाईट दिवस. मला हे मान्य नाही. 96 किलोंची मी त्याच शर्टात नीट उभी राहिले होते, काम केलं होतं, घर चालवलं होतं.

कपडे कुणाला द्यायचे हाही नाजूक प्रश्न. एखाद्या जाड बाईला आपणहून जुने कपडे नेऊन देणं तिला लागू शकतं, मला एकदा लागलं होतं. ओळखीतल्या एक बाई माझ्या जुन्या मापाच्या आहेत. त्यांना मी सरळ विचारलं, "चांगले कपडे आहेत, चालतील का? नको असतील तर मोकळेपणाने नाही म्हणा." त्या म्हणाल्या, "अहो, या मापात चांगलं शिवलेलं मिळतं कुठे? आणा, आणा." ते मला अगदी ठाऊक होतं.

आदल्या रात्री सगळी बटणं तपासली, सैल होती ती पक्की केली. निळ्या शर्टातली पिन काढली आणि तिच्या जागी आतून एक टिचबटण शिवलं. दोनदा लावून, उघडून पाहिलं. मग शर्टाची घडी घातली आणि पिशवीत सगळ्यांत वर ठेवला.