ॲसिड ऑइलपासून पीव्हीसीचं प्लास्टिसायझर

तेल रिफाइन करताना कॉस्टिकने धुतलं की सोपस्टॉक (साबणयुक्त गाळ) निघतो. त्यात सल्फ्युरिक ॲसिड घालून पीएच ३ च्या खाली नेला आणि उकळलं, की वर काळपट ॲसिड ऑइल सुटतं. माल सोयाबीनचा किंवा सूर्यफुलाचा असेल, तर त्यातून थॅलेट (पीव्हीसीत नेहमी वापरला जाणारा रसायनांचा गट) नसलेलं चांगलं प्लास्टिसायझर, म्हणजे पीव्हीसी मऊ करणारं द्रव्य, बनतं, तेही खायच्या तेलाला हात न लावता. या मार्गावर आमचा भरवसा आहे, पण सगळं लक्ष इपॉक्सिडेशनवर (दुहेरी बंधांवर ऑक्सिजनचं इपॉक्सी वलय बसवण्यावर) देऊन कच्च्या मालाकडे दुर्लक्ष केलं तर तो हमखास फसतो.

सर्वांत आधी आयोडीन व्हॅल्यू, म्हणजे दुहेरी बंधांचं माप, मोजा. ती १२० च्या वर हवी. पामच्या मालात ती ५० च्या आसपासच असते. दुहेरी बंध कमी म्हणजे इपॉक्सीही कमी, आणि संतृप्त एस्टर थंडीत मेणासारखा पृष्ठभागावर येतो.

ॲसिड ऑइलमध्ये बहुधा अर्ध्याहून जास्त मुक्त फॅटी ॲसिड असतं. थेट अल्कली घातली तर साबणच होणार. म्हणून माल वाळवून घ्या, फॅटी ॲसिडच्या दहा ते पंधरा पट मोल मिथेनॉल आणि वजनाच्या १ ते २ टक्के सल्फ्युरिक ॲसिड घालून रिफ्लक्सवर (वाफ थंड होऊन भांड्यात परत पडेल असं उकळत) ठेवा. तयार होणारं पाणीच अभिक्रिया अडवतं. ॲसिड व्हॅल्यू (उरलेल्या मुक्त ॲसिडचं माप) उतरायची थांबली की पाण्याचा थर काढून ताज्या मिथेनॉलने दुसरी फेरी घ्या. ॲसिड व्हॅल्यू २ च्या खाली आली की उरलेल्या ग्लिसराइडसाठी सोडियम मिथॉक्साइड वापरता येतं. नंतर एस्टर व्हॅक्यूमखाली डिस्टिल करा. ही पायरी महाग वाटते म्हणून गाळू नका. लोखंड-तांब्याचे अंश मागे राहिले, तर पेरॉक्साइड एस्टरपर्यंत पोचण्याआधीच फुटतं.

आता इपॉक्सिडेशन. आयोडीन व्हॅल्यू १३० असलेल्या १०० ग्रॅम एस्टरमध्ये सुमारे ०.५१ मोल दुहेरी बंध असतात. त्याला ८५ टक्क्यांचं फॉर्मिक ॲसिड ११ ग्रॅम आणि ५० टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड ५२ ग्रॅम लागतं. एस्टर आणि ॲसिड जोरात ढवळत ५० अंशांवर आणा, मग पेरॉक्साइड दोन-तीन तासांत थेंबाथेंबाने सोडा. तापमान ६० ते ६५ अंशांच्या पुढे जाऊ देऊ नका. एका मोल दुहेरी बंधामागे साधारण २३० किलोज्यूल उष्णता सुटते. पेरॉक्साइड थंडपणी एकदम घालून मग तापवणं सर्वांत धोक्याचं, कारण साचलेलं सगळं एकाच वेळी पेट घेतल्यासारखं धावतं. ढवळणी थांबली किंवा तापमान उतरलं तर पेरॉक्साइड लगेच बंद करा. भांडं कधीही बंदिस्त नको, वायू सुटतो. गॉगल, हातमोजे आणि फ्यूम हूड हवेतच.

दर तासाला ऑक्सिरेन ऑक्सिजन (इपॉक्सी वलयातल्या ऑक्सिजनचं वजनी प्रमाण) काढा. वरच्या एस्टरसाठी सैद्धांतिक कमाल सुमारे ७.६ टक्के येते, प्रत्यक्षात ६ च्या पुढे गेलात तर काम उत्तम. आयोडीन व्हॅल्यू उतरतेय पण ऑक्सिरेन चढत नाही, याचा अर्थ ॲसिड आणि पाणी मिळून इपॉक्सीचं वलय उघडतायत. असे हायड्रॉक्सिल गट वाढलेलं प्लास्टिसायझर पीव्हीसीत नीट मुरत नाही, चिकट होऊन बाहेर येतं. अशा वेळी जास्त वेळ ठेवून काही सुधारत नाही, थांबा.

थर वेगळा करून कोमट पाण्याने, मग ५ टक्के सोडियम बायकार्बोनेटने हळूहळू धुवा, कारण फेस उसळतो. इमल्शन झालं तर कोमट मिठाचं पाणी घाला. पेरॉक्साइडची चाचणी नकारार्थी आल्यावरच व्हॅक्यूममध्ये वाळवा.

चाचणीसाठी १०० भाग पीव्हीसी, एकूण ५० भाग प्लास्टिसायझर, २ भाग कॅल्शियम-झिंक स्टॅबिलायझर घ्या. ५० पैकी सुरुवातीला १५ ते २० भागच हे नवं प्लास्टिसायझर घालून १६० ते १६५ अंशांवर मिलवर शीट काढा. इपॉक्सी गट सुटणारं हायड्रोजन क्लोराइड पकडतो, त्यामुळे शीट पिवळी पडायला वेळ लागतो. शीट दुमडून ठेवा, घडीवर ओल दिसते का पाहा, आणि आयएसओ १७६ प्रमाणे वजनघट मोजा. मिथाइल एस्टरचा रेणू लहान असल्याने तो डीओपीपेक्षा (नेहमीच्या थॅलेट प्लास्टिसायझरपेक्षा) लवकर उडतो. गरम होणाऱ्या केबलसाठी तो आम्ही सुचवणार नाही. तिथे मिथेनॉलऐवजी २-इथाइलहेक्झॅनॉलचा एस्टर बनवा. रेणू जड झाल्याने ऑक्सिरेनचा आकडा कमी दिसेल, त्याला दोष समजू नका.