टाळूवरची काळी खपली

हेअर ट्रान्सप्लांटनंतर तिसऱ्या रात्री डोकं ठणकायला लागलं. सूज येईल, खाज सुटेल, हे आधीच सांगितलेलं, म्हणून गोळी घेऊन पडून राहिलो. सकाळी बायकोने फोटो काढून फोन हातात दिला. पुढच्या रेषेपासून चार बोटं मागे, अगदी मधोमध, जांभळट डाग. बाकीकडे ग्राफ्टभोवती, म्हणजे मुळासकट रोवलेल्या केसांभोवती, बारीक लालसर खपल्या होत्या. इथे कातडीच निळी पडली होती.

जिथे ट्रान्सप्लांट केलं तिथे फोन केला. "खपली आहे, पडेल." पाचव्या दिवशी डाग काळा आणि कडक झाला, तेव्हा सरळ एका प्लास्टिक सर्जनकडे गेलो. त्या मॅडमनी काळ्या भागाच्या कडेला बोट दाबलं, उचललं, वाट पाहिली. रंग परत येईना. "रक्त पोचत नाहीये. कातडी मरतेय, नेक्रोसिस म्हणतात याला." एवढ्याशा जागेत ग्राफ्ट फार दाट लावले, बधिर करायच्या इंजेक्शनमधलं ॲड्रेनलिन रक्तवाहिन्या आवळतं, आणि टाळूच्या मध्यावर रक्त दोन्ही बाजूंनी येऊन संपतं, त्यामुळे तिथे मुळातच ओढाताण. मग त्यांनी विचारलं, "सिगारेट?" फॉर्मवर मी 'सोडली' असं लिहिलं होतं. खरं तर ऑपरेशनच्या आदल्या रात्रीपर्यंत चालू होती. निकोटीनही रक्तवाहिन्या आवळतंच. तो दोष दुसऱ्या कुणावर ढकलता येत नाही.

ओझोन थेरपीचं, म्हणजे जखम भरावी म्हणून तिच्यावर ओझोन वायू सोडायचं, खूळ माझ्या मेव्हण्याचं. मॅडमना विचारलं तर त्या वैतागल्या नाहीत, पण अटी घातल्या: ड्रेसिंग एक दिवसही चुकवायचं नाही, आधी जी-सिक्स-पीडीची रक्ततपासणी करायची (हे एन्झाइम कमी असेल तर ओझोनने लाल पेशी फुटू शकतात), आणि शिरेतून द्यायची भाषा कुणी केली तर उठून यायचं.

सिटिंग म्हणजे वीस मिनिटं मान न हलवता बसणं. जखमेवर ओलं गॉज, त्यावर सिलिकॉनची वाटी घट्ट बसवलेली. नळ्याही सिलिकॉनच्या, कारण ओझोन रबराला तडे पाडतो. ओझोन साठवून ठेवता येत नाही, तो लगेच मोडून ऑक्सिजन होतो. म्हणून सिलिंडरमधल्या ऑक्सिजनमधून विजेच्या झटक्याने तिथल्या तिथे बनवतात. मिश्रणात ओझोन फार तर पाच टक्के, बाकी ऑक्सिजन. दुसऱ्या सिटिंगला वाटीची कड सुटली आणि फोटोकॉपी मशीनजवळ येतो तसा तिखट वास नाकात गेला. मी खोकलो, तशी मशीन सांभाळणाऱ्या मुलीने धावत येऊन मशीन बंद केलं. हा वायू फुप्फुसांना घातक, त्यामुळे वास येणं म्हणजे चूकच. पुढच्या वेळेपासून मी स्वतः कड चाचपून बघायचो.

अशा आठ सिटिंग झाल्या. तिसऱ्या आठवड्यात मॅडमनी काळी खपली कापून काढली, तिचा आवाज कात्रीत अडकलेल्या वाळक्या सालीसारखा. खाली पिवळट, मग हळूहळू लाल दाणेदार मांस आलं. सातव्या आठवड्यात जखम मिटली.

ओझोनवाले श्रेय ओझोनला देतात. मी रोजचं सलाइन ड्रेसिंग, कापून काढलेली मेलेली कातडी आणि बंद केलेली सिगारेट यांना देतो, ओझोनला वजा करताही येत नाही आणि धरताही येत नाही. मधुमेहींच्या पायाच्या जखमांवरच्या ओझोनच्या चाचण्यांचा कोक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने 2015 मध्ये आढावा घेतला, तेव्हा हाताशी तीनच चाचण्या आणि 212 रुग्ण होते. ठाम काही म्हणता आलं नाही. अमेरिकेच्या एफडीएच्या, म्हणजे तिथल्या औषध नियामकाच्या, नियमात तर ओझोन हा वैद्यकीय उपयोग ठाऊक नसलेला विषारी वायू असंच लिहिलंय. मेव्हण्याला हे वाचून दाखवलं. तो म्हणाला, "पण बरा झालास ना?"

अंगठ्याच्या नखाएवढा गुळगुळीत वण राहिलाय, त्यावर केस नाहीत. आजूबाजूचे गळालेले चौथ्या महिन्यात परत फुटले. वर्ष झालं की वणावर आधी थोडेच ग्राफ्ट लावून बघायचे, असं मॅडमनी ठरवलंय, कारण तिथे रक्तपुरवठा कमी असतो. तोवर भांग डावीकडे पाडतो, आणि पंख्याखाली बसलो की हात आपोआप डोक्यावर जातो.