वर असलेले, पण माझ्याहून लहान

विमानाचा प्रकार बदलण्याच्या बिडची, म्हणजे वैमानिकांनी आपली पसंती नोंदवायची आणि ती ज्येष्ठतेनुसार मान्य व्हायची त्या प्रक्रियेची, मुदत त्या दिवशी सायंकाळी सहा वाजता संपणार होती. माझी पसंती मी तीन दिवस आधीच नोंदवून ठेवली होती: एअरबस ए-३२० वरून लांब पल्ल्याच्या बोइंग ७७७ वर, कॅप्टनच्याच जागेवर. काहीही न करता मुदत उलटू दिली असती तर ती पसंती कायम राहिली असती आणि बहुधा मान्यही झाली असती. त्या दिवशी मला चार सेक्टर, म्हणजे चार उड्डाणे, करायची होती. चौथ्यानंतर दीड तास हाताशी राहील असा हिशेब होता.

आमच्या कंपनीत ज्येष्ठता क्रमांक नोकरीत रुजू झाल्याच्या दिवशी मिळतो आणि कौशल्याने, ओळखीने किंवा कष्टाने तो एका घरानेही वर सरकत नाही. वरचे निवृत्त झाले किंवा सोडून गेले, तरच आपण वर जातो. मात्र त्या क्रमांकाचे मोल सर्वत्र सारखे नसते, कारण महिन्याचे रोस्टर (ड्युटीचे वेळापत्रक), वार्षिक रजा आणि रविवारची सुट्टी हे सारे त्या त्या विमानाच्या, त्या त्या तळाच्या आणि त्या त्या पदाच्या यादीतील क्रमाने वाटले जाते. ए-३२० वरील आमच्या २१० कॅप्टनांमध्ये मी चोविसावा होतो. हवे ते रोस्टर मागावे आणि बहुतेक वेळा मिळावे, अशी ती जागा होती. तोच क्रमांक घेऊन ७७७ वर गेलो असतो तर ९६ जणांत एक्क्याण्णवावा ठरलो असतो, म्हणजे स्टँडबाय (बोलावणे येईल म्हणून तयार राहणे), मध्यरात्रीची उड्डाणे आणि इतरांनी नको म्हटलेल्या तारखा. हे मला ठाऊक होते. चार-पाच वर्षे सोसायचे, मग वर सरकू आणि महिन्यात मोजक्या लांब फेऱ्या करून उरलेले दिवस घरी राहू, असे मी घरच्यांना सांगितले होते आणि स्वतःलाही.

हातातले काम नव्याने शिकण्याची मला भीती नव्हती, उलट त्याचीच ओढ होती. ए-३२० मध्ये विमान वळवण्यासाठी बाजूला छोटी दांडी, साइडस्टिक, असते आणि एका वैमानिकाने ती हलवली तरी दुसऱ्याची हलत नाही; इंजिनांची शक्ती आपोआप सांभाळणारी ऑटोथ्रस्ट यंत्रणा चालू असताना शक्तीचे थ्रस्ट लिव्हरही जागच्या जागी राहतात. ७७७ मध्ये दोघांसमोरचे कंट्रोल कॉलम, म्हणजे विमान वळवण्याचे मोठे दांडे, एकमेकांना जोडलेले असतात आणि शक्ती कमी-जास्त होताना लिव्हर हाताखाली सरकतात. वर्षानुवर्षे जे आकडे वाचून समजून घेतले, ते आता तळहाताला समजणार होते. मात्र चौदा-पंधरा तासांच्या उड्डाणात चार वैमानिक असले तरी लँडिंग एकच असते. नव्वद दिवसांत किमान तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग व्हावीत असा सर्वसाधारण नियम आहे, आणि लांब पल्ल्याच्या विमानांवर तेवढ्यासाठीही काहींना सिम्युलेटर गाठावा लागतो. त्या दिवशी मात्र दोन लँडिंग माझी होती आणि दोन फर्स्ट ऑफिसरची, म्हणजे सहवैमानिकाची.

ती फर्स्ट ऑफिसर अठ्ठावीस वर्षांची होती आणि तिनेही ७७७ साठी बिड केले होते. तिसऱ्या सेक्टरमध्ये विमान स्थिरावल्यावर विषय निघाला. मी माझा चार-पाच वर्षांचा हिशेब मांडला. तिने तो शांतपणे ऐकून घेतला आणि विचारले, “सर, तुमच्या वर जे नव्वद जण असतील, त्यांत तुमच्यापेक्षा वयाने लहान किती आहेत?”

मला प्रश्नाचा रोख लगेच कळला नाही. ती पुढे काही सांगणार, तोच खाली उतरण्याची परवानगी मिळाली. थोड्याच वेळात आम्ही दहा हजार फुटांच्या खाली आलो आणि त्या उंचीखाली उड्डाणाशी संबंध नसलेले बोलणे बंद असते. त्या शांततेत मला तिच्या प्रश्नाचा अर्थ उमगला. मी या कंपनीत उशिरा, छत्तिसाव्या वर्षी आलो होतो. माझ्या आधीच्या तुकड्यांमधली कितीतरी मुले पंचविशीतच रुजू झाली होती. आंतरराष्ट्रीय व्यावसायिक उड्डाणांत वयाची मर्यादा ६५ आहे. जो माझ्या वर आहे आणि माझ्याहून लहान आहे, तो स्वतःहून सोडून गेला नाही तर मी निवृत्त होईपर्यंत माझ्या वरच राहणार. २००६ मध्ये ही मर्यादा ६० वरून ६५ वर नेण्याचा निर्णय झाला, तेव्हा खालच्यांची वाट कशी लांबली हे मी इतरांना अनेकदा समजावून सांगितले होते. माझ्या स्वतःच्या यादीला मात्र तो हिशेब मी कधी लावला नव्हता.

चौथा सेक्टर तिचा होता. उतरायच्या विमानतळावर वादळी ढग होते आणि आम्हाला होल्डिंगमध्ये घिरट्या घालायला सांगण्यात आले. इंधन किती, पर्यायी विमानतळाकडे कोणत्या मिनिटाला वळावे लागेल, हे मी पाहत होतो. त्या वेळात एकदा माझी नजर घड्याळाकडे इंधनासाठी नव्हे, तर सहा वाजण्यासाठी गेली. ते मला आवडले नाही, आणि विमान उभे राहीपर्यंत बिडचा विचार मी पुन्हा मनात येऊ दिला नाही. तिने लँडिंग उत्तम केले. चाकांना अडसर लागले तेव्हा पाच वाजून पंचवीस मिनिटे झाली होती.

प्रवासी उतरल्यावर आणि कागदपत्रे पूर्ण झाल्यावर आम्ही कॉकपिटमध्येच यादी उघडली. आमच्या यादीत प्रत्येक नावापुढे निवृत्तीची तारीख असते. तो रकाना मी आजवर केवळ वरून कोण जाणार हे पाहण्यासाठी वाचत असे. ती एकेक तारीख वाचत गेली आणि मी रेघा ओढत गेलो. माझ्यानंतर निवृत्त होणारे सदतीस निघाले. म्हणजे कोणी सोडून गेले नाही आणि विमानांची संख्या वाढली नाही, तर सोळा वर्षांनी, शेवटच्या दिवशीही, मी अडतिसावा. शिवाय ए-३२० वर माझ्या पुढे असलेल्या तेवीस जणांपैकी कोणीही नंतर तिकडे आला, तर तो थेट माझ्या वर बसणार होता. आणि एकदा गेल्यावर तीन वर्षे परतीचा मार्ग बंद. तिचे स्वतःचे गणित नेमके उलटे होते: तिच्या वरचे जवळजवळ सगळे तिच्याहून मोठे, त्यामुळे शेवटच्या क्रमांकावर बसूनही तिला केवळ वाट पाहायची होती.

चार-पाच वर्षांचे कारण असे गळून पडल्यावर उरली ती फक्त ते विमान उडवण्याची इच्छा. ती इच्छा खरी होती, पण त्या इच्छेबद्दल घरच्यांना मी काही विचारलेच नव्हते. त्यांना मी रोस्टरचे कारण दिले होते. पाच वाजून बावन्न मिनिटांनी मी पसंती मागे घेतली. फर्स्ट ऑफिसरने काही म्हटले नाही, केवळ बॅग उचलली.

निकाल लागला तेव्हा ती जागा ज्येष्ठतेत माझ्या लगेच खाली असलेल्या कॅप्टनना मिळाली. आज ते ७७७ वर उडतात, पण कंपनीच्या यादीत माझा क्रमांक त्यांच्या वरच आहे, त्यामुळे मी पुढच्या खेपेला गेलो तर त्यांना एक घर खाली सरकावे लागेल. गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. प्रकृती, हवामान, नवे प्रशिक्षक असे सगळे बोलून झाल्यावर त्यांनी अतिशय नम्रपणे विचारले, की पुढच्या बिडबद्दल माझा काय विचार आहे. अजून ठरवलेले नाही, असे मी त्यांना सांगितले, आणि ते खरे होते.