ग्रँड मार्किसचे लोअर आर्म आणि शारजाची सनैया

आखातात जुनी गाडी बाळगायची तर दरवर्षी पासिंगला तोंड द्यावं लागतं. गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी झाली की तपासणीशिवाय मुल्किया, म्हणजे गाडीची नोंदणी, नवी होत नाही. माझ्या २००५च्या मर्क्युरी ग्रँड मार्किसला या खेपेला जो कागद मिळाला त्यावर तीन शेरे होते: पुढच्या दोन्ही लोअर बॉल जॉइंटना प्ले (ढिलेपणा), आर्मचे बुश फाटलेले, मागची बाजू बसलेली. लोअर आर्म म्हणजे पुढचं चाक खालून चासीला धरून ठेवणारा दांडा; चाकाकडच्या टोकाला बॉल जॉइंट, चासीकडच्या टोकाला रबराचे बुश. इंजिन, ब्रेक, दिवे, टायर सगळं ठीक. टायर ठीक असणारच म्हणा; इथे पाच वर्षांपेक्षा जुना टायर चालत नाही, नक्षी कितीही शाबूत असो.

दुबईतल्या मराठी मंडळींत माझ्या गाडीची थट्टा ठरलेली आहे. सगळ्यांकडे आटोपशीर जपानी गाड्या, आणि मी ५.३८ मीटर लांबीचं धूड घेऊन करामाच्या गल्ल्यांत पार्किंग शोधतोय. पासिंगची बातमी पसरल्यावर ‘विकून टाक रे’ हा सल्ला तर फुकटच मिळाला. पण ४.६ लिटरचं व्ही-८ इंजिन उन्हाळ्यात एसी पूर्ण सोडूनही कुरकुरत नाही, आणि अबू धाबीच्या रस्त्यावर या गाडीत बसल्याचं सुख मला दुसरीकडे मिळालेलं नाही. तेव्हा विकायचा प्रश्न नव्हता. पार्ट शोधायचे होते.

आधी एजन्सीच्या काउंटरवर गेलो. तिथल्या मुलाने चासी नंबर टाकला, बराच वेळ पडद्याकडे पाहिलं आणि सांगितलं की लोअर आर्म अमेरिकेतून मागवावे लागतील, पैसे आधी, आणि शॉक अब्सॉर्बर कंपनीने बंद केलेत. आर्मची किंमत ऐकून मी कूलरचं पाणी पिऊन बाहेर आलो. त्याचा दोष नाही. मर्क्युरी हा ब्रँडच फोर्डने गुंडाळला; शेवटची ग्रँड मार्किस जानेवारी २०११ मध्ये कारखान्यातून बाहेर पडली. कारखाना कॅनडातला, ऑन्टारिओमधल्या सेंट थॉमसचा. म्हणून या ‘अमेरिकन’ गाडीचा चासी नंबर २ या आकड्याने सुरू होतो, १ ने नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तो कारखानाही बंद झाला, आणि तिथून निघालेली शेवटची क्राउन व्हिक्टोरिया सौदी अरेबियासाठी होती. आखाताचं या गाड्यांवरचं प्रेम एवढं जुनं आणि एवढं चिवट.

इथेच माझी आशा होती. ग्रँड मार्किस, फोर्ड क्राउन व्हिक्टोरिया आणि लिंकन टाउन कार या तिन्ही गाड्या एकाच ‘पँथर’ सांगाड्यावर उभ्या. अमेरिकेत क्राउन व्हिक्टोरिया म्हणजे एके काळी पोलिसांची गाडी आणि न्यूयॉर्कची टॅक्सी. लाखो किलोमीटर फिरणाऱ्या गाड्यांसाठी तिथे सस्पेन्शनचे पार्ट ढिगाने बनले आणि अजून बनतात. म्हणजे पार्ट दुर्मीळ नव्हता. तो माझ्यापासून लांब होता, आणि जवळ जो दिसत होता तो बहुतेक वेळा चुकीचा होता.

कारण २००३ साल. त्या वर्षी फोर्डने या गाडीचा पुढचा भाग खालून जवळजवळ नवा केला. चासीचे पुढचे रेल बदलले, जुनं रीसर्क्युलेटिंग बॉल स्टिअरिंग जाऊन रॅक अँड पिनियन आलं, पुढच्या शॉकवरच स्प्रिंग चढली, मागचे शॉक चासीच्या आतून बाहेरच्या बाजूला आले. वरून गाडी तीच दिसते. १९९८ ते २००२ ची गाडी आणि माझी शेजारी उभ्या केल्या तर पटकन फरक सांगता येणार नाही, पण खालचा लोअर आर्म एकमेकांना बसत नाही. शारजाच्या दुकानदारांसाठी मात्र १९९८ पासून २०११ पर्यंत सगळं ‘सेम-सेम’.

शारजाची सनैया, म्हणजे इंडस्ट्रियल एरिया, ज्यांनी पाहिली नाही त्यांना तिथला पसारा सांगून कळणार नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नुसती कापलेल्या गाड्यांची दुकानं. कुठे फक्त दरवाजे, कुठे फक्त गिअरबॉक्स, कुठे पुढून अर्ध्या कापलेल्या गाड्या, ज्यांना सगळे हाफ-कट म्हणतात. जपानी गाडीवाल्याचं काम अर्ध्या तासात होतं. अमेरिकन गाड्यांची दुकानं त्यामानाने थोडी आणि त्यातही निम्मी पिकअप आणि मोठ्या जीपची. दुपारी एकपासून चारपर्यंत शटर खाली, त्यामुळे सकाळी लवकर दुबई-शारजा हद्दीचा ट्रॅफिक कापून जायचं, नाहीतर संध्याकाळी.

दुकानदार पारखायला मी एक युक्ती वापरली. रॅक स्टिअरिंग असलेल्या गाडीला आयडलर आर्म नसतोच. तो जुन्या स्टिअरिंगचा भाग. मी आत शिरून विचारायचो, “भाई, २००५ ग्रँड मार्किस का आयडलर आर्म मिलेगा?” जो “मिलेगा, ओरिजिनल, बैठो” म्हणायचा त्याला सलाम करून मी पुढे. मला घाई नव्हती, आणि त्यांनाही माझ्या जाण्याचं काही वाटत नव्हतं. शेवटी एका पेशावरी चाचांनी चहाचा कप खाली न ठेवताच म्हटलं, “दो हजार पाँच में आयडलर कहाँ से आया बेटा? तुम किसी और की गाडी का पूछ रहा है.” मी तिथेच बसलो.

चाचांच्या मागच्या आवारात दोन क्राउन व्हिक्टोरिया आणि एक टाउन कार पडली होती. कुठली आधीची, कुठली नंतरची, हे त्यांनी लांबूनच चाकांकडे बोट करून दाखवलं. २००३ नंतरच्या रिमचा चेहरा सपाट, टायरच्या कडेशी जवळजवळ समतल. आधीच्या रिम आत खोल गेलेल्या. नंतर त्यांच्या पोऱ्याने टाउन कारचा काढलेला लोअर आर्म आणला. काळ्या ग्रीसचा थर, त्यावर वाळू. त्याने डिझेलमध्ये बुडवलेला कपडा दोनदा फिरवला तेव्हा फोर्डचं लंबगोल चिन्ह आणि खाली उठावाचा नंबर दिसला. फोर्डच्या नंबरची सुरुवात कुठल्या साली ते डिझाइन निघालं ते सांगते: ‘३डब्ल्यू’ म्हणजे २००३चं, ‘एफ८’ म्हणजे १९९८चं. मधला आकडा पार्ट कुठला ते सांगतो. लोअर आर्मला उजव्याचा ३०७८ आणि डाव्याचा ३०७९. हे एकदा समजलं की दुकानदाराच्या शब्दावर विसंबायची गरज उरत नाही. आर्म हातात घ्या, पुसा, वाचा.

तो आर्म बरोबर होता. तरी घेतला नाही. पोऱ्याने पहार लावून बॉल जॉइंट उचकटला तर टक-टक आवाज आला; बुशच्या रबराला भेगा. याच उन्हात तीही गाडी भाजली होती, माझ्या आर्मपेक्षा त्याची तब्येत बरी असण्याचं कारणच नव्हतं. माझं मत विचाराल तर जुन्या गाडीच्या सस्पेन्शनमध्ये नुसतं लोखंड असेल ते स्क्रॅपमधून खुशाल घ्यावं, पण रबर आणि बॉल जॉइंट घेऊ नये. चाचांनाही ते पटलं, एवढंच की ते म्हणाले, “नया लाओ, मगर चायना मत लाओ.”

मग अमेरिका. दिरहम डॉलरला ३.६७२५ वर बांधलेला असल्याने हिशेब सोपा: तिकडची किंमत गुणिले पावणेचारला थोडं कमी. बॉल जॉइंट आणि बुश आधीच बसवलेले दोन्ही लोअर आर्म, लिंक रॉड आणि बाहेरचे टाय रॉड एंड मिळून जे झालं ते एजन्सीने सांगितलेल्या एका आर्मपेक्षा कमी होतं. पार्ट स्वस्त, वाहतूक महाग. कुरिअर वजन दोन प्रकारे मोजतात, प्रत्यक्ष आणि आकारमानाचं: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागायचं, आणि दोन्हींपैकी जे जास्त ते लावायचं. ६० बाय ४० बाय २५ चा खोका म्हणजे १२ किलो, आत फुगे असले तरी. आर्मचा आकार वेडावाकडा, खोक्यात निम्मी हवा. म्हणून मी अमेरिकेतल्या एका फॉरवर्डरच्या, म्हणजे माल गोळा करून पुढे पाठवणाऱ्याच्या, पत्त्यावर सगळं गोळा करून एकाच घट्ट खोक्यात भरायला सांगितलं. शुल्क वेगळं पडलं पण वाहतूक बरीच उतरली.

फसलं ते शॉकचं. पुढचे दोन शॉक त्याच पत्त्यावर पोहोचले आणि तिथून निघेनात. त्यात दाबाखाली नायट्रोजन भरलेला असतो, विमानाने जाणाऱ्या मालात ती धोकादायक वस्तू धरली जाते, कागदपत्रं आणा, नाहीतर परत घ्या. कागदपत्रं द्यायला विक्रेता तयार नाही, परत पाठवायचा खर्च माझ्यावर. ईमेलची देवाणघेवाण इतकी झाली की मी शेवटी शॉक तिथेच सोडून दिले आणि बाकी खोका मागवला. इथे आल्यावर ५ टक्के कस्टम ड्युटी, त्यावर ५ टक्के व्हॅट, आणि कुरिअरचं क्लिअरिंगचं शुल्क. ते शेवटचं कुणी आधी सांगत नाही. धरून चाला.

शॉक मिळाले शेवटी दुबईतल्या देऱ्यात, एका गुजराती दुकानदाराकडे, जो मुख्यतः आफ्रिकेला माल पाठवतो. फोर्डच्याच मोटरक्राफ्ट ब्रँडचे, धूळ खात पडलेले, क्राउन व्हिक्टोरियाच्या नावाचे. शेठने शिडी लावून स्वतः काढून दिले. रॉड पूर्ण दाबून सोडला की आपोआप सरळ वर येतो का आणि सीलपाशी तेलाचा ओलावा आहे का, एवढं दोन्हींचं पाहून घेतले.

मागची बाजू बसण्याचं कारण वेगळं. माझ्या गाडीला मागे कॉइलऐवजी हवेच्या स्प्रिंगा होत्या: रबराची पिशवी, हवा भरायला कंप्रेसर, उंची मोजायला सेन्सर. रबर उन्हाने तडकलं की रात्रभरात हवा गळते आणि सकाळी गाडी मागे बसलेली दिसते. मग कंप्रेसर धापा टाकत ती उचलतो आणि एक दिवस स्वतःच जातो. नव्या पिशव्या अमेरिकेत मिळतात, पण या हवेत त्या पुन्हा तडकणारच. क्राउन व्हिक्टोरियाच्या साध्या लोखंडी स्प्रिंगा त्याच जागी बसतात. चाचांच्या आवारातल्या एका गाडीच्या काढून घेतल्या, वरखालचे रबरी पॅड तेवढे नवे. पिशव्या काढण्याआधी डिकीतलं एअर सस्पेन्शनचं बटण बंद करायचं असतं, नाहीतर गाडी जॅकवर असताना यंत्रणा आपली उंची जुळवायला जाते. डॅशबोर्डवर तो दिवा आता कायमचा पेटलेला असतो. मला चालतं.

काम रस अल खोरच्या एका मल्याळी मेस्त्रीकडे केलं. पुढच्या शॉकवरची स्प्रिंग दाबून दुसऱ्या शॉकवर चढवताना हे चेट्टन (मल्याळीत दादा) कुणालाच जवळ येऊ देत नाहीत, आणि बरोबर आहे. स्प्रिंग दाबून धरणारा कंप्रेसर निसटला तर हात जातो. पण मला सर्वांत आवडलं ते पुढचं. आर्म बसवून त्यांनी बुशचे बोल्ट हातानेच सैल ठेवले, चाकं लावली, गाडी रॅम्पवर चढवून तिचं पूर्ण वजन चाकांवर आल्यावरच खालून पाना फिरवून बोल्ट आवळले. चाक लोंबकळत असताना ते आवळले तर गाडी खाली आल्यावर रबर पिळलेल्या अवस्थेतच राहतं आणि थोड्याच दिवसांत फाटतं. बरेच गॅरेजवाले ही पायरी खातात. माझे आधीचे बुश बहुधा असेच गेले असावेत.

व्हील अलाइनमेंट करून गाडी पुन्हा पासिंगला नेली. या वेळी कागद कोरा, मुल्किया एका वर्षासाठी नवी. वरच्या आर्मचे बॉल जॉइंट चेट्टनच्या मते आणखी एक उन्हाळा काढतील. ते मागवायला मी पुढच्या वर्षाची वाट पाहणार नाही. त्यांच्यात गॅस नसतो, खोकाही लहान लागतो, आणि चाचांकडे नंबर वाचून आलोय.