बँडवर आठ हजार पावलं, फोनमध्ये भोपळा

फिटनेस बँडचा आकडा दोन टप्प्यांत जातो: ब्लूटूथवरून बँडच्या स्वतःच्या अ‍ॅपमध्ये आणि तिथून हेल्थ कनेक्टमध्ये, म्हणजे आरोग्याच्या नोंदी एका अ‍ॅपकडून दुसऱ्याकडे पोचवणाऱ्या अँड्रॉइडच्या सोयीत. अडलंय कुठे ते आधी बघा. बँडच्या अ‍ॅपमध्ये पावलं दिसत असतील तर ब्लूटूथ निर्दोष आहे, अडलंय पुढच्या टप्प्यात. उगाच बँड रीसेट करू नका, फोनवर न आलेल्या नोंदी पुसल्या जातील.

अँड्रॉइड १४ पासून हेल्थ कनेक्ट फोनमध्येच असतं. त्याआधीच्या फोनवर प्ले स्टोअरमधून घ्यावं लागतं. सेटिंग्जमध्ये नावाने शोधा, 'अ‍ॅप परवानग्या' उघडा. बँडच्या अ‍ॅपला लिहिण्याची परवानगी हवी, आकडे दाखवणाऱ्या अ‍ॅपला वाचण्याची. एकच दिली की काम अर्धवट, आणि एरर काही येत नाही! वाचणाऱ्या अ‍ॅपला एरवी परवानगीआधीच्या ३० दिवसांपलीकडचं दिसत नाही. वर्षभराचे आलेख रिकामे दिसले तर घाबरू नका.

सकाळी सिंक, दुपारनंतर ठप्प? मग बॅटरी सेव्हर अ‍ॅपला झोपवतोय. अ‍ॅपच्या माहितीत जाऊन बॅटरी 'अनरिस्ट्रिक्टेड' करा.

पावलं फुगलेली दिसली तर फोन आणि बँड दोघंही मोजतायत. हेल्थ कनेक्टमध्ये डेटा स्रोतांच्या प्राधान्यक्रमात बँड वर सरकवा.