डाव्या आट्यांचा नट

मिस्त्री रंधा पोत्याच्या तुकड्यात गुंडाळून घेऊन आले. उद्यमनगरातल्या माझ्या लेथच्या वर्कशॉपात सुतार सहसा येत नाहीत; पंपाचे शाफ्ट, ट्रॅक्टरच्या पिना, उसाच्या चरकाचे बुश, असला माल. "मालक, चाक फिरतंय पण पातं हलंना," म्हणाले.

रंधा स्टॅन्ली या हत्यारांच्या कंपनीचा, पाच नंबर, बीडाचा, मिस्त्रींच्या वडिलांच्या वापरातला. पात्यामागे पितळेचं चाक असतं, ते फिरवलं की पातं केसभर खाली-वर होतं. इथं चाकाच्या जागी कुणीतरी नेहमीच्या उजव्या आट्यांचे आठ मिलीचे दोन नट, मधे बारीक बुश घालून, ब्रेझिंगनं (पितळ वितळवून) जोडले होते. नट ज्यावर फिरतो तो मागचा स्टडही आठचाच, बोल्ट कापून बसवलेला. आटे पार झिजलेले. मूठ पकडणारा बोल्टही सहा मिलीचा, ठोकून बसवलेला. त्या अनोळखी फिटरला मी मनात भरपूर शिव्या घातल्या.

मुठीचा बोल्ट मूळचा बारा नंबरचा, इंचाला 20 आटे. बाजारात बारा नंबर मिळालाच तर 24 आट्यांचा. माझ्या जुन्या लेथचा लीडस्क्रू, म्हणजे टूल सरकवणारा लांब स्क्रू, इंचाला 4 आट्यांचा आहे, त्यामुळे 20 आणि 100 दातांचे गिअर लावले की काम सरळ होतं. शेजारच्या सीएनसीवाल्या, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवरच्या, पोरानं विचारलं, "काका, एवढ्याशा बोल्टला अर्धा दिवस?" त्याला काय सांगणार. तो प्रोग्रॅम लावून मोबाईल बघत बसतो.

खरा जीव गेला चाकात. मूळ चाकाला डावे, म्हणजे नेहमीच्या उलट बाजूला फिरणारे आटे, व्यास 9/32 इंच, इंचाला 24. स्टड सोपा: डाव्या आट्यांना टूल चकाकडून (जॉब पकडणाऱ्या टोकाकडून) समोरच्या टेलस्टॉककडे जातं, म्हणून आधी चकाशेजारी खाच पाडायची आणि तिथून निघायचं. बीडातलं टोक आठचंच ठेवलं, ते भोक आता परत येणार नव्हतं. पण चाकाच्या सहा मिलीच्या भोकात टूल घालून आटे पाडणं म्हणजे अंधारात सुईत दोरा ओवणं. भोकात आटे पाडणारा टॅपच बनवला. सिल्व्हर स्टीलवर डावे आटे, कानशीनं चार खाचा, लालबुंद करून पाण्यात, मग घासून वाळल्या गवतासारखा पिवळसर रंग येईपर्यंत शेक. पहिला टॅप फुकट गेला. तीस वर्षांच्या सवयीनं खाचांची धार उजव्या टॅपसारखी काढली होती. कापेचना, नुसता पितळ चोळत बसला. दुसरा चालला. चाकाला पकडीसाठी नर्लिंगच्या खाचा पाडल्या, पॉलिश केलं. मिस्त्रींनी न बोलता सहाशे रुपये दिले. दोन दिवसांचं काम होतं, पण मी खूश होतो.

आठ दिवसांनी परत.

"मालक, ह्ये उलटं फिरतंय."

"उलटं नाही मिस्त्री, आता सुलटं झालंय. मूळचं असंच असतं. उजवीकडं फिरवलं की पातं बाहेर येतं."

"आसंल. पन हाताला कोन सांगनार?"

सागाच्या दाराची चौकट ताशीत होते. पातं जरा आत घ्यावं म्हणून चाक फिरवलं, ते बाहेर आलं आणि रेघेआड चांगली बोटभर ढलपी उडाली. चौदाव्या वर्षापासून त्या दोन नटांवर शिकलेला हात. वर आठच्या बोल्टला एका फेऱ्यात सव्वा मिली सरकतं, माझ्या चाकाला जेमतेम एक. म्हणजे दिशाही माझी आणि मापही माझंच.

रात्री शोधलं तर आणखी पंचाईत. स्टॅन्लीच्या सुरुवातीच्या रंध्यांना उजवेच आटे होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कंपनीनं ते डावे केले. त्या फिटरला हे ठाऊक असणं शक्य नाही. त्याच्या हाताशी आठचा टॅप होता, एवढंच. पण मी ज्याला आडाणी म्हणत होतो त्याचं काम इतकी वर्षं चाललं, आणि माझं आठ दिवस.

आठचा स्टड आणि उजव्या आट्यांचं पितळी चाक तासाभरात झालं. तो टॅप तर प्रत्येक वर्कशॉपात असतो. पैसे घेतले नाहीत. दाराचे मागितले असते तरी द्यावे लागले असते, पण मिस्त्री तसले नाहीत. त्यांनी तिथंच एका फळकुटावर दोन हात मारले, साल उचलून उजेडात धरली आणि रंधा पोत्यात गुंडाळला.

डावं चाक आणि त्याचा स्टड माझ्या टेबलावर आहे. येता-जाता दोन बोटांनी फिरवतो. ढिलेपणा अजिबात नाही त्यात.